मातांच्या वैद्य : डॉ. जेरुशा झिराड

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात झिराड नावाचे एक गाव आहे. कोंकणात गावावरून आडनाव पडावे यात नवल नाही. पेणचा पेणकर, दिवे-आगरचा दिवेकर, केहिमचा केहिमकर. झिराडच्या एका घराण्याने मात्र 'कर' हा प्रत्यय न जोडता गावाचे नावच आडनाव म्हणून धारण केले. याच घराण्यातील एका कन्येची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या घरच्या मंडळींना करून देणार आहोत. तिचे नाव जेरुशा. हे नाव ऐकून कोणी बुचकळ्यात पडेल. परंतु बायबलच्या जुन्या करारात या नावाची एक राजमाता आहे, आणि आपल्या चरित्रनायिकेचा धर्म ज्यू, म्हणजे यहुदी होता.

मराठी बोलणारे यहुदी आहेत हे ऐकून आमच्या वर्गातील मुलांना दरवेळी आश्चर्य वाटते. त्यांना 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची लेकरे असे म्हणतात. त्यांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्यापुराणे समुद्रात गेली, भाषा हळूहळू गेली. उरला तो शनिवारचा विश्राम, मुलग्यांची सुंता आणि 'शेमा' या प्रार्थनेचा एक तुकडा. पोटासाठी त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. शतकानुशतके ते कोंकणात राहिले. त्यांच्या बायका नऊवारी नेसल्या, त्यांची कीर्तने मराठीत झाली, आणि त्यांच्याशी 'तुम्ही कोण' म्हणून कोणी भांडण काढले नाही. आमची स्वतःची घरची भाषा कोंकणी, शाळेत शिकवितो ती मराठी व तरसालीच्या बाजारात भाजी घेतो ती गुजरातीत. तेव्हा देवघरात एक भाषा आणि माजघरात दुसरी ही स्थिती आम्हांस मुळीच परकी वाटत नाही. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले, तरी तेथेही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी काढले. आपल्या गुजरातेतही त्यांची वस्ती आहे; अहमदाबादेस खमासा भागात १९३४ साली बांधलेले त्यांचे 'मागेन अब्राहम' हे प्रार्थनामंदिर उभे आहे.

आता मूळ कथेकडे वळू.

जेरुशाबाईंचा जन्म १८९०च्या सुमारास म्हैसूर संस्थानातील शिमोगा येथे झाला. शिक्षणासाठी त्यांना पुण्यास हुजूरपागेत ठेवण्यात आले. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक प्रभृतींनी ही मुलींची शाळा काढली. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा जेथे होती त्या जागी ती भरे, म्हणून लोकांनी तिला 'हुजूरपागा' हेच नाव ठेवले. जेथे घोडे बांधले जात तेथे मुली भूमिती शिकू लागल्या, हा काळाचा केवढा पालट! याच शाळेतून रिबेका रूबेन ही बेने इस्राएल मुलगी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत चमकली होती. पुढे तीच मुंबईच्या सर एली कदूरी शाळेची मुख्याध्यापिका झाली. तेव्हा एका लहानशा समाजाच्या दोन मुली एकाच शाळेतून निघाल्या, एकीने मुलांना शिकविले व दुसरीने मातांना वाचविले, असे म्हणण्यास हरकत नाही.

जेरुशा अकरा वर्षांची असताना तिची थोरली बहीण अत्यवस्थ झाली. तिला मुंबईच्या कामा रुग्णालयात नेण्यात आले. तेथे डॉ. बेन्सन नावाच्या इंग्रज बाई प्रमुख होत्या. त्यांच्या उपचारांनी बहीण मरणाच्या दारातून परत आली. लहान मुले अशा वेळी 'मी पण डॉक्टर होणार' असे म्हणतात व आठवड्याभरात विसरतात. या मुलीने तसे केले नाही. तिने नुसते डॉक्टर व्हावयाचे ठरविले नाही, तर याच रुग्णालयाची मुख्य डॉक्टर व्हावयाचे ठरविले. पुढील सर्व हकिगत वाचताना वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हे कामा रुग्णालय काय होते, हे थोडे सांगितले पाहिजे. कारण आज स्त्रियांच्या रुग्णालयाचे कोणाला अप्रूप नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील स्त्री मरण पत्करी, परंतु परपुरुषाला नाडी दाखवीत नसे. वैद्य आला तरी पडद्याआडून लक्षणे ऐकून औषध देई. मुंबईत जॉर्ज किट्रेज नावाचा एक अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी गृहस्थ यांनी यावर उपाय काढण्यासाठी निधी जमविला, आणि १८८३ साली इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची या बाईंना बोलावून आणले. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी देणगी दिली, व १८८६ साली स्त्रिया व मुले यांच्यासाठीच असलेले, स्त्री डॉक्टरांनी चालविलेले हे रुग्णालय उघडले. त्याच सुमारास व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनीही स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्यासाठी निधी उभारला होता. आपल्या वडोदऱ्याचे जे मोठे सरकारी रुग्णालय आज सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल म्हणून ओळखले जाते, त्यास प्रारंभी याच लेडी डफरिन यांचे नाव होते.

त्याच १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत एम. डी. झाल्या, आणि १८८७ साली, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, क्षयाने गेल्या. त्यांच्या हातून एकाही स्वदेशी भगिनीची शुश्रूषा नीट होऊ शकली नाही, ही महाराष्ट्राची मोठी हळहळ आहे. त्यांच्यामागून डॉ. रखमाबाई आल्या, लंडनला शिकून त्यांनी शेजारच्या सुरतेस कित्येक वर्षे स्त्रियांचे रुग्णालय चालविले. जेरुशाबाई या वाटेवरच्या पुढच्या पिढीतल्या. वाट पडली होती, पण तीवरचे काटे अजून कोणी काढले नव्हते.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ साली त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली. दुसऱ्याच वर्षी आपल्या समाजातील स्त्रियांसाठी 'स्त्री मंडळ' काढले. त्यांस अधिक शिकावयाचे होते, आणि प्रसूतिशास्त्राचे उच्च शिक्षण तेव्हा विलायतेतच मिळे. खर्चाचा प्रश्न उभा राहिला. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिकू इच्छिणाऱ्या होतकरू भारतीयांसाठी एक निधी ठेविला होता. तो दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून पैसे देई. विद्यार्थ्याने मिळवता झाल्यावर ते फेडावयाचे, म्हणजे मागून येणाऱ्यास तेच उपयोगी पडत. हा व्यवहार आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. त्या कर्जाच्या आधाराने जेरुशाबाई लंडनला गेल्या. तेथे त्यांचे काम पाहून हिंदुस्थान सरकारनेही त्यांना शिष्यवृत्ती दिली. परदेशी शिक्षणाची अशी सरकारी शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

तो पहिल्या महायुद्धाचा काळ होता. विलायतेतील तरुण डॉक्टर रणांगणावर गेल्यामुळे रुग्णालयांत माणसांचा तुटवडा पडला होता, व एरवी ज्या जागा स्त्रियांना सहसा मिळत नसत त्या मिळू लागल्या. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या इंग्लंडमधील आद्य स्त्री डॉक्टर. त्यांनी स्थापिलेल्या लंडनच्या रुग्णालयात जेरुशाबाईंनी शल्यचिकित्सेचा अनुभव घेतला. १९१९ साली लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी त्यांनी मिळविली. परत आल्यावर दिल्लीस काही काळ व बंगळूरच्या प्रसूतिगृहात १९२० ते १९२४ पर्यंत त्यांनी काम केले. १९२५ मध्ये कामा रुग्णालयात त्या मानद शल्यचिकित्सक म्हणून आल्या; आणि १९२९ साली त्या रुग्णालयाची अधीक्षक म्हणून सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली. अकराव्या वर्षी केलेला संकल्प चाळिशीच्या उंबरठ्यावर पुरा झाला! पुढे १९४७ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, त्या त्या पदावर होत्या.

येथपर्यंतची कथा एखाद्या यशस्वी विद्यार्थिनीची आहे. परंतु डॉ. झिराड यांचे मोठेपण आम्हांस पदव्यांत दिसत नाही. ते त्यांनी पुढे विचारलेल्या एका प्रश्नात आहे. तो प्रश्न असा : ही बाई का मेली?

त्या काळी बाळंतपण हे बाईचे दुसरे जन्म घेणे आहे असे म्हणत, आणि ते अक्षरशः खरे होते. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालात असा अंदाज दिला आहे की, हिंदुस्थानात दर वर्षी सुमारे २,००,००० स्त्रिया गर्भारपण व बाळंतपण यांच्या कारणांनी मरत. दर १,००० जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता. म्हणजे पन्नास बारशी होत तेव्हा एक तिरडी उठे. घरोघरी एखादी आजी, आत्या, मावशी अशी गेलेली असेच. लोक म्हणत, 'तिची तेवढीच आयुष्याची दोरी'. दोरी म्हटले की विचार खुंटतो. डॉक्टरला मात्र दोरी कोठे व कशाने तुटली हे पाहावे लागते.

त्या मृत्यूंची कारणे शास्त्राला अज्ञात नव्हती. पहिले, बाळंतरोग किंवा सूतिकाज्वर. प्रसूतीनंतर गर्भाशय आतून ओल्या जखमेसारखे असते. मळलेले हात, जुनी चिरगुटे, गंजलेली विळी यांच्या द्वारे जंतू त्यात शिरले की ताप चढतो, रक्तात विष भिनते आणि चार-आठ दिवसांत बाळंतीण दगावते. १८४७ साली व्हिएन्ना येथे सेमेलवाइस या डॉक्टरने एवढेच दाखविले की, शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुतले तर मृत्यू एकदम कमी होतात. त्याचे म्हणणे पुष्कळांना रुचले नाही. सभ्य गृहस्थांचे हात मळके कसे असतील, असे ते म्हणत! दुसरे कारण रक्तस्राव. वार पडल्यावर गर्भाशय आवळून आले नाही तर घटकाभरात इतके रक्त जाते की हाताशी उपाय नसेल तर काही उरत नाही. तिसरे, गर्भारपणातील विषबाधा म्हणून तेव्हा ओळखला जाणारा विकार. पायांवर सूज, रक्तदाब वाढणे, लघवीतून प्रथिने जाणे, आणि शेवटी आकडी. लोकांना ती आकडी तेवढी दिसे, व ते मांत्रिक बोलावीत. परंतु कित्येक दिवस आधी सूज आलेली असे, तिच्याकडे कोणाचे लक्ष नसे. आणि चौथे, आपल्या देशातले फार मोठे कारण, पंडुरोग. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त नाही तिला थोडा स्रावही सोसत नाही. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खाणे ही जी आमच्याकडील गृहिणीची रीत, तिचे गोडवे गाणाऱ्यांनी या कारणाचा विचार करावा. याखेरीज उन्हाचे दर्शन नसलेल्या पडदानशीन स्त्रियांची हाडे मऊ पडून ओटीपोटाचा सांगाडा आकसे, व मूल बाहेर येण्यास वाटच राहत नसे.

ही कारणे पुस्तकात होती. पण आपल्या शहरात त्यांपैकी कोणते कारण किती बायकांना नेते, आणि त्यांतल्या किती वाचल्या असत्या, हे पुस्तकात नव्हते. विलायतेचे आकडे मुंबईच्या चाळीला लागू पडत नाहीत. म्हणून १९३७-३८ च्या सुमारास भारतीय संशोधन निधी मंडळाच्या वतीने मुंबई शहरातील मातामृत्यूंची चौकशी डॉ. झिराड यांनी केली, व तिचा अहवाल १९४१ साली सरकारने प्रसिद्ध केला. (हेच मंडळ १९४९ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणून ओळखले जाते.)

अशा चौकशीचे स्वरूप आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावे. दवाखान्यात आलेल्या रोग्यावर उपचार करणे हे एक काम. न आलेल्या, किंवा फार उशिरा आलेल्या बाईचा माग काढणे हे निराळे. तेथे नाडी पाहावयाची नसते, कारण नाडी थांबलेली असते. मृत्यूची नोंद घ्यावयाची, ती बाई कोठे बाळंत झाली, कोणी सोडविले, पूर्वीची बाळंतपणे किती, ताप कोणत्या दिवशी आला, मदत कधी मागितली, हे सारे शोधावयाचे. शोकाकुल माणसांकडून हे काढून घेणे किती नाजूक काम! आणि हे करीत असता कोणाला दोष द्यावयाचा नसतो. दोष देऊ लागले की माणसे खरे सांगत नाहीत. एकेका मरणाची अशी हकिगत जमत गेली म्हणजे 'नशीब' या एका शब्दाखाली झाकलेली निरनिराळी कारणे वेगळी होऊन समोर येतात, आणि त्यांपैकी पुष्कळ टाळता येण्याजोगी असतात. डाळीतील खडे वेचल्यासारखेच हे आहे. आधी डाळ सुपात पसरावी लागते.

याच सुमारास वैद्यकाच्या हाती नवी शस्त्रेही येत होती. १९३५ च्या पुढे सल्फा जातीची औषधे निघाली, व सूतिकाज्वर प्रथमच औषधाने बरा होऊ लागला. त्यानंतर पेनिसिलीन आले, रक्तपेढ्या निघाल्या. परंतु औषध असणे आणि ते त्या बाईच्या अंथरुणापर्यंत वेळेवर पोहोचणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसरी गोष्ट माणसांवर अवलंबून असते : सूज ओळखणारी परिचारिका, हात धुणारी सुईण, बाईला अडवून न ठेवणारी सासू.

म्हणूनच डॉ. झिराड यांच्यातील डॉक्टर आणि शिक्षिका वेगळी काढता येत नाही. मोठे रुग्णालय ही एक शाळाच असते. फळा नसतो, खाट असते. नव्या डॉक्टर मुली वडील डॉक्टरांच्या पाठोपाठ एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जातात; पोटावर हात ठेवून मुलाचे डोके कोठे आहे ते सांगतात; चुकले तर पुन्हा हात ठेवावयास लावले जाते. आमच्या वर्गात विद्यार्थ्याचे उत्तर चुकले तर एक गुण जातो. तेथे काय जाते हे निराळे सांगावयास नको. अठरा वर्षे एका रुग्णालयाची धुरा वाहणारी व्यक्ती किती तरुण डॉक्टरांना व परिचारिकांना घडवून बाहेर पाठवीत असेल, आणि त्यांनी आपापल्या गावी किती बाळंतिणी सोडविल्या असतील, याचा हिशेब कोठे ठेवलेला नसतो.

सेवानिवृत्तीनंतरही त्या घरी बसल्या नाहीत. भारतातील स्त्री डॉक्टरांच्या संघाच्या त्या १९४७ पासून १९५७ पर्यंत अध्यक्ष होत्या. निरनिराळ्या शहरांतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांचा अखिल भारतीय महासंघ १९५० साली स्थापन झाला, त्याच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९४५ साली ब्रिटिश सरकारने एम. बी. ई. हा किताब दिला होता. १९६६ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. वयाची नव्वदी ओलांडल्यानंतर, १९८०च्या दशकात त्यांचे देहावसान झाले.

धर्माच्या बाबतीतही त्या स्वतंत्र बुद्धीच्या होत्या. लंडनमध्ये त्यांचा उदारमतवादी यहुदी मंडळींशी परिचय झाला होता. प्रार्थना समजेल अशा भाषेत व्हावी व स्त्रियांना तीत पुरुषांच्या बरोबरीचे स्थान असावे, असे त्या पंथाचे म्हणणे. त्या विचाराची संस्था त्यांनी १९२५ साली मुंबईत काढली. परंपरा मानणाऱ्या काहींना ते आवडले नसणार, हे उघड आहे. आपल्याकडील प्रार्थनासमाजाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे सर्व ओळखीचे वाटेल.

कामा रुग्णालय आजही मुंबईत आझाद मैदानाजवळ आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तेथे अतिरेकी शिरले, तेव्हा अंजली कुलथे या परिचारिकेने सुमारे वीस गर्भवतींना एका लहान खोलीत नेऊन दारे लावून घेतली. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या कडेने प्रसूतिकक्षापर्यंत पोहोचविले, व त्या रात्री ते मूल सुखरूप जन्मले. कुलथेबाईंनी डॉ. झिराड यांना पाहिले असण्याचा संभव नाही.

आता मातामृत्यूंचे मोजमाप दर १,००,००० जिवंत जन्मांमागे करतात. भोर समितीचा अंदाज या मापाने २,००० येतो. २०१८ ते २०२० या काळासाठी तोच आकडा संबंध भारतात ९७, गुजरातेत ५७ व महाराष्ट्रात ३३ असा सरकारी नोंदणीने दिला आहे. घट फार मोठी आहे. तरी गुजरातेतील त्या सत्तावन्नांपैकी प्रत्येकीचे एक घर होते. २०१० पासून सरकारने असा नियम घातला आहे की, प्रत्येक मातामृत्यूची खबर आरोग्यखात्याला दिली पाहिजे व त्याची चौकशी झाली पाहिजे, तीही कोणाला शिक्षा करण्यासाठी नव्हे. गावात असे काही घडले तर 'आशा' कार्यकर्ती ते कळविते, आणि काही दिवसांनी आरोग्यखात्याची माणसे छापील तक्ता घेऊन त्या घरी येतात. ओटीवर बसून ती हलक्या आवाजात विचारतात : कळा कधी सुरू झाल्या, रुग्णालयात न्यावयाचे कोणी व कधी ठरविले, वाहन मिळण्यास किती वेळ लागला, तेथे पोहोचल्यावर डॉक्टर किती वेळाने आले.